तुमचे नाक धावते का?

माझा धंदा भाषांतराचा. कथा-कादंबऱ्यांच्या नव्हे, तिथे निदान आतल्या पानावर बारीक अक्षरांत नाव तरी छापतात. मी मोबाइलच्या ॲपमधली बटणं मराठी करते. 'पुढे जा', 'रद्द करा', 'अटी मान्य आहेत' हे जे तुम्ही न वाचता दाबता, ते माझ्यासारख्याच कुणीतरी कुकरच्या शिट्ट्या मोजत लिहिलेलं असतं.

मजकूर येतो एक्सेलच्या चौकटींत. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामं. ते बटण आहे की शीर्षक, कोण कुणाला म्हणतंय, कळायला मार्ग नाही. पैसे शब्दावर; दोन-दोन ओळी पुरणाऱ्या औषधाच्या नावाला जेवढे, तेवढेच 'रन'ला. हा 'रन' मात्र एकटा माझी अख्खी दुपार खातो.

'रन' म्हणजे धावणे, हे पहिलीतलं पोरगंही सांगेल. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, त्यामुळे ते सांगेलच. पण ऑक्सफर्डच्या थोरल्या शब्दकोशात या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले आहेत. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक त्यावर नऊ महिने बसले होते. नऊ महिन्यांत साधारण काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांना ६४५ झाली. आधी हा मान 'सेट'कडे होता, १९८९च्या आवृत्तीत सगळ्यांत लांबलचक नोंद त्याची. पुढे 'रन'ने त्याला मागे टाकलं. त्याचं एक कारण यंत्रं, असं म्हणतात: इंजिन रन होतं, गिरणी रन होते, कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅमही रन होतो. मराठीत यातलं काहीच धावत नाही. सगळं चालतं. दुकान चालतं, पंखा चालतो, मुलाचं लग्नानंतर कसं चाललंय तेही चालतंच.

म्हणून आमच्या कंपनीच्या शब्दसूचीत कुणीतरी ठरवून टाकलं: रन म्हणजे 'चालवा'. आणि नियम असा की एका इंग्रजी शब्दाला सगळीकडे एकच मराठी शब्द. याला ते 'कन्सिस्टन्सी' म्हणतात. दुसरा शब्द घातला की चौकट लाल होते, आणि लाल चौकटी फार झाल्या की को-ऑर्डिनेटरचा फोन येतो.

तर गेल्या महिन्यात आली आरोग्याची फाइल. त्यात डॉक्टर पेशंटला विचारतात त्या धर्तीचे प्रश्न. 'रनिंग नोज' आहे का? सॉफ्टवेअरने सूचीला जागून सुचवलं, 'तुमचे नाक चालते का?' त्याच्याच खाली कुणा जुन्या भाषांतरकाराचा पर्याय साठवलेला होता: 'तुमचे नाक धावते का?' आता सर्दी झालेला माणूस, डोकं जड, हातात रुमाल, तो या प्रश्नाला काय उत्तर देणार? हो, पण मी मागे राहतो? मराठीत नाक वाहतं. फार झालं तर गळतं, आणि ते गळणं छपराच्या गळण्याइतकंच वैतागाचं असतं. मी 'वाहते' लिहिलं. चौकट लाल. खालच्या ओळीत मधुमेह कुटुंबात 'रन' होत होता. त्याला मी 'घरात आणखी कुणाला आहे का' केलं. लाल. ताप 'रन' होत होता. आपल्याकडे तो येतो, चढतो, उतरतो, पाहुण्यासारखा मुक्काम करतो, पण पळत नाही. लाल. कपडे धुण्याच्या सूचनांत रंग 'रन' होणार होते. मराठीत रंग जातो, आणि नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टाला लागतो. लाल, आणि शर्टही लाल.

निवडणुकीचं प्रकरण याहून गमतीचं. सामान्यज्ञानाच्या एका फाइलीत कुणीतरी मेयरसाठी 'रन' केलं होतं. सूचीप्रमाणे 'महापौरपदासाठी चालवले' झालं असतं. काय चालवलं, रिक्षा? 'धावले' करावं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हाफ पँटीतला उमेदवार. खरं म्हणजे इंग्रजांचंच यावर एकमत नाही. अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमध्ये तोच 'स्टँड' करतो. आपणही उभेच राहतो, आणि मला ते जास्त पटतं. उभा राहिलेला माणूस पडू शकतो, आपल्याकडे तो पडतोही. शिवाय पुढच्या पाच वर्षांत तो कुठे धावेल अशी कुणाची अपेक्षा नसते.

इंग्रजीचा हा आळशीपणाच आहे, असं माझं मत. एकच गडी ठेवायचा आणि त्याच्या हाताखाली 'इन', 'आऊट', 'ओव्हर', 'अप' अशी पोरं द्यायची. 'रन इनटू' म्हणजे गाठ पडणे, 'रन ओव्हर' म्हणजे गाडीखाली चिरडणे. तीच व्यक्ती असू शकते, फक्त पोरगं बदलायचं. 'रन आऊट'ला क्रिकेटमध्ये माणूस धावबाद होतो आणि स्वयंपाकघरात साखर संपते.

आमचं घराणंही अगदी सोवळं नाही म्हणा. शिवणकामाच्या फाइलीत 'रनिंग स्टिच' आला आणि मी खुर्चीतच टाळी दिली. धावदोरा! आईच्या गोधडीवर बोटभर अंतराने धावणारा तोच तो. रेडिओवर धावतं समालोचन असतं, जावई धावती भेट देतात. संघ धावा काढतो आणि आपण देवाचा धावा करतो. शेवटच्या षटकात दोन्ही एकदमच चाललेलं असतं. संस्कृतात तर 'धाव्' म्हणजे पळणंही आणि धुणंही. म्हणून दंतधावन. दात कुठेही जात नाहीत, म्हातारपण सोडलं तर.

अखेर को-ऑर्डिनेटरचा फोन आलाच. मुलगा बेंगळुरूचा, नोकरीसाठी पुण्याला आलेला, मराठी जिद्दीने शिकतोय. मला ताई म्हणतो. लाल चौकटींबद्दल मी माझं सगळं गाऱ्हाणं ओतलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, रनचं राहू द्या. मला 'लागणे' समजावता का?"

मी गप्पच झाले. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, फोन लागत नाही, आणि शेवटी वाट लागते. हे एका दमात कसं समजवायचं?

तो सांगू लागला. त्याला कुणीतरी शिकवलं होतं की 'गाडी लागते' म्हणजे प्रवासात मळमळतं. रविवारी हा महाबळेश्वरला जायला स्वारगेटच्या स्टँडवर उभा. शेजारच्या काकू एकदम ओरडल्या, "अगं बाई, गाडी लागली!" याने भलेपणाने खिशातलं लिंबू काढून पुढे केलं. काकूंनी लिंबू घेतलं नाही. त्या फलाटाकडे सुटल्या आणि खिडकीतून सीटवर रुमाल टाकून मोकळ्या झाल्या.

"मग मी आत गेलो," तो म्हणाला, "त्यांच्या मागच्या सीटवर बसलो. म्हटलं, काकू, तुम्हाला बरं वाटतंय ना? त्या हसल्या. म्हणाल्या, 'मला काही होत नाही रे, पण दे ते लिंबू. पुढे पसरणीचा घाट लागतो.'"

"बरोबर आहे."

"ताई," त्याने विचारलं, "घाट लागला की गाडी लागल्यापेक्षा जास्त त्रास होतो का?"