म्हशी हटवल्या आणि गवत माजलं
लेखात म्हटलंय की चराई-कापणी थांबलेली ओली कुरणं तशीच सोडा, निसर्ग बघून घेईल. बघतो की, पण आपल्याला हवं तसंच कुठे? राजस्थानातलं भरतपूरचं केवलादेव पक्षी उद्यान घ्या, १९८२ मध्ये तिथे म्हशींची चराई बंद केली आणि मग पॅस्पॅलम नावाचं पाणगवत असं माजलं की उघडं पाणीच झाकून गेलं, बदकांना उतरायला जागा उरेना, बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) अभ्यासातही हेच निघालं की गवत आटोक्यात ठेवत होत्या त्या म्हशीच. पुढे पाणी कमी पडलं तशी कोरड्या भागात वेडी बाभूळ घुसली, युरोपात अशा सोडलेल्या कुरणांत तिच्याऐवजी विलो नि आल्डरची झाडं येतात. आणि हो, त्या चराईबंदीवरून गोळीबार होऊन गावकरी मेले होते, तेही लिहा की कधीतरी.