आमच्या चाळीचं कॅरेक्टर

आमची गिरगावातली चाळ हेरिटेज आहे, ग्रेड थ्री. बाहेर सांगताना आम्ही नुसतं हेरिटेज म्हणतो, ग्रेड कोणी विचारलाच तर दहावीचे मार्क विचारल्यासारखा विषय बदलतो. कारण मुंबईच्या 1995 च्या हेरिटेज नियमात ग्रेड थ्रीचा अर्थच असा दिलाय, की या इमारती वास्तुकला, सौंदर्य वगैरे दृष्टीने बघण्यासारख्या आहेत, पण ग्रेड टू इतक्या नाहीत. म्हणजे थोरल्याइतका हुशार नाही हो, पण बरा आहे, हे सरकारने लेखी दिलंय.

तर यंदा चाळीला रंग द्यायचं ठरलं आणि तेव्हा कळलं की नुसत्या रंगालाही परवानगी लागते. ठीक आहे, लागू दे. अडचण अशी की कुठला रंग चालेल हे कुठेच लिहिलेलं नाही. इमारतीला आणि परिसराला उणेपणा येता कामा नये, एवढंच. आता उणेपणा कशाने येतो हे आमच्या मीटिंगमध्ये विचारलं तर तळमजला म्हणतो पहिल्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींनी, पहिला मजला म्हणतो तळमजल्याच्या स्कूटरींनी.

त्यात पोरांना बाजूच्या कोऱ्या भिंतीवर म्युरल हवं होतं. ढोल, ताशा, लेझीम, मधे बाप्पा. चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवर एवढे मोठे गांधीजी रंगवलेले चालले मग आमचा बाप्पा का नाही, हा त्यांचा मुद्दा आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परवानगी देणाऱ्या साहेबांकडे होतं. म्हणाले, "म्युरल इथल्या कॅरेक्टरला सूट होत नाही." आणि रंग? तर म्हणाले आत्ताचाच ठेवा, तो छान जातो. आत्ताचा म्हणजे पिस्ता! हा पिस्ता आमच्या आधीच्या खजिनदारांनी भाच्याच्या लग्नाच्या हॉलचे डबे उरले म्हणून स्वस्तात लावला होता, अख्खी चाळ त्यांच्याशी वर्षभर बोलत नव्हती, आणि आता तोच आमचं कॅरेक्टर.

वाद घातल्यावर साहेब म्हणाले मग मूळ रंग शोधा, तो सिद्ध करा. त्यासाठी आर्किटेक्ट आणला. त्याने जिन्याजवळच्या भिंतीवर छोटे छोटे चौकोन एकाखाली एक असे खरवडले, प्रत्येक चौकोनात एक थर जास्त. पिस्ता, त्याखाली गुलाबी, मग निळा, मग पिवडी घातलेला चुना आणि तळाशी एक रंग ज्याला नावच देता येईना. त्याने जाता जाता हेही सांगितलं की जुन्या चुन्याच्या भिंतीवर प्लास्टिक पेंट मारला की आतली ओल बाहेर पडत नाही, म्हणून पोपडे येतात. म्हणजे दर पावसाळ्यानंतर आम्ही कॉन्ट्रॅक्टरला ज्या शिव्या घातल्या त्यातल्या निम्म्या तरी चुकीच्या पत्त्यावर गेल्या.

तर तळाचा रंग. आर्किटेक्ट म्हणाला बफ, खजिनदार म्हणाले बदामी, सेक्रेटरी म्हणाले मळका पांढरा, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू चष्मा लावून खाली आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "चहा आहे हा. पाहुणे अचानक वाढल्यावरचा." याहून नेमका शब्द मला आजतागायत सुचलेला नाही, पण फॉर्ममध्ये तो लिहायचा कसा, म्हणून आम्ही बफ लिहिलं.

तीन आठवड्यांनी साहेब पाहणीला आले. जिन्यापाशी थांबले, मान तिरकी करून त्या पाच चौकोनांकडे बराच वेळ बघत राहिले. आम्हाला वाटलं चला, मूळ रंग पटला.

"हे म्युरल कोणी काढलं?"

कोणीच बोललं नाही. मागून एक पोरगं खिदळलं तेवढंच.

"परमिशन आहे का याची? तसं वाईट नाही, मॉडर्न आहे. पण अर्ज तर हवा ना."

मी समजावायला तोंड उघडलं तर सेक्रेटरींनी माझा शर्ट ओढला. आणि म्हणाले, "करतो साहेब अर्ज, उद्याच करतो."

अर्ज गेलाय. म्युरलचा विषय, साइज आणि वापरलेले रंग असे कॉलम होते, ते मीच भरले. पाचव्या रंगापाशी पेन अडलं तेव्हा काकू शेजारीच होत्या. या वेळी सरळ चहा लिहिलं.