खुलासा: सायकल फक्त ‘भोवऱ्या’मुळे उभी राहत नाही

‘चाकं भोवऱ्यासारखी फिरतात म्हणून सायकल पडत नाही’ असा मजकूर सध्या बराच फिरतोय. शाळेत मीही हेच ऐकलं होतं. पण हे कारण अपुरं आहे, आणि मुलांपर्यंत ते तसंच पोचावं असं मला वाटत नाही.

1970 मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड जोन्स यांनी सायकलला जमिनीला न टेकणारं जादा चाक लावून ते उलटं फिरवलं. भोवऱ्याचा परिणाम (फिरणारं चाक आपली दिशा बदलायला विरोध करतं तो) जवळपास पुसला गेला, तरी सायकल चालवता आली. हात सोडून चालवणं मात्र फार कठीण झालं.

2011 मध्ये डेल्फ्ट (नेदरलँड्स) आणि कॉर्नेल (अमेरिका) विद्यापीठांच्या संशोधकांनी याहून पुढची सायकल बनवली. तिच्यात भोवऱ्याचा परिणाम नगण्य होता, आणि पुढचं चाक हँडल ज्या रेषेभोवती वळतं तिच्या मागे जमिनीला टेकतं आणि ट्रॉलीच्या चाकासारखं मागे फरफटतं, तो नेहमीचा आधारही नव्हता. तरीही ढकलून सोडल्यावर ती स्वाराविना तोल सावरत गेली!

खरी गोष्ट अशी: सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल वळलं, तर चाकं पुन्हा वजनाखाली येतात. हे वळणं वजनाची मांडणी, हँडलचा तिरपेपणा आणि चाकांचं फिरणं यांतून घडतं. ब्रिटिश गणितज्ञ फ्रान्सिस व्हिपल यांनी 1899 मध्येच याची समीकरणं मांडली. त्याच समीकरणांवरून 2007 मध्ये एका नमुना सायकलीचं गणित केलं गेलं, त्यात ती साधारण ताशी 15 ते 22 किमी वेगातच आपोआप स्थिर राहते.

म्हणून भोवरा निरुपयोगी, असंही कुणी पसरवू नये. नेहमीच्या सायकलीत तो हँडल वळवायला मदत करतो. मोटरसायकलच्या जड चाकांत तर त्याचा जोर चांगलाच जाणवतो.