सुनावणी म्हणे!

कोर्टाच्या बोर्डावर 38 वा नंबर, पुकारा चार चाळीसला. पट्टेवाल्याने दोन्ही पक्षकारांची नावं एका दमात ओरडली, समोरचे वकील म्हणाले, "से दाखल करायला मुदत हवी," (से म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं) आणि साहेबांनी मान वर न करता रोजनाम्यावर तारीख टाकली. पन्नास सेकंद! अर्ज कसला, तर निशाणी 5, म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंत बांधकाम थांबवा असा मनाईचा. भिंत जोत्यावर होती तेव्हा टाकलेला. आता भिंत सज्जाला टेकली तरी से वकिलाच्या बॅगेतच. संध्याकाळी ॲपवर 'पुढील सुनावणी' सव्वा महिन्याने. पुढील? मग आधीची कुठली, आणि ऐकलं कुणी?

ऐकणं म्हणजे काय हे कायद्याला माहीत नाही असं नाही. आधी नोटीस, ज्यांच्यावर भिस्त आहे ते कागद, उत्तराला वेळ, मग म्हणणं. आणि ज्याने ऐकलं त्यानेच ठरवायचं. आंध्र प्रदेशातल्या बसमार्गांच्या प्रकरणात सचिवाने ऐकलं आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला, तेव्हा ही सुनावणीच नव्हे असं सर्वोच्च न्यायालय 1958 सालीच बोललंय. इकडे महसूल खात्यात फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाच्या, तक्रारी केसमध्ये एक साहेब ऐकून 'आदेशासाठी बंद' करतात, त्यांची बदली होते, नवे साहेब फायलीचा दोरा सोडतात. त्यांनी पुन्हा नोटीस काढली तर नशीब समजा.

बरं, तोंड उघडायला मिळेलच असंही नाही. लेखी म्हणणं घेतलं की पुष्कळदा तीच सुनावणी. सर्वोच्च न्यायालयातला फेरविचार अर्ज एरवी दालनातल्या दालनात निकाली निघतो. फाशीच्या प्रकरणांत 2014 पासून उघड्या कोर्टात ऐकतात, तेही जास्तीत जास्त अर्धा तास.

आणि तो दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश 17! एका पक्षाला तीनच तहकुबी, 2002 पासून. तीन! ती तर पहिल्या पावसाळ्यातच संपतात. पण वादी चहाला गेला आणि प्रतिवादी हजर असला, की दावा गैरहजेरीत निकाली. मग बसा 30 दिवसांत पुनर्स्थापनेचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र करत. तिथे कशी चपळाई येते!

मराठीत सुनावणं म्हणजे झापणं. त्या अर्थाने सुनावणी रोज होते, पक्षकार वकिलाची घेतो.

असो. उद्या अकराला दुसऱ्या कोर्टात मुदतीचा अर्ज आमचाच आहे. कारण लिहिलंय, 'वकील अन्य कोर्टात व्यस्त'. खरं म्हणजे से लिहायचा राहिलाय, हे खरडत बसल्यामुळे.