संमती एकदाच कशी पुरेल?

जोडीदारांनी झोप, मनःस्थिती, मासिक पाळी आणि ठावठिकाणा एकाच अॅपवर एकमेकांना दाखवला की परस्परांविषयीची समज वाढते, हे एका लेखातील प्रतिपादन मला अर्धेच पटते. अशा अॅपमध्ये संमती बहुधा सुरुवातीला एकदाच घेतली जाते, नात्यातील संमती मात्र दिवसागणिक बदलत असते. शिवाय ठावठिकाणा दाखवणे एखाद्या दुपारी बंद केले की समोरच्याला ते लगेच कळते आणि त्याचाच जाब द्यावा लागतो. झोपेच्या आलेखाचेही तेच: ‘रात्री दोन वाजता जागी का होतीस?’ हा प्रश्न काळजीचा की उलटतपासणीचा, हे आलेख सांगत नाही.

एअरटॅगचा, म्हणजे हरवलेली वस्तू शोधण्यासाठीच्या अॅपलच्या छोट्या ट्रॅकरचा, पाळतीसाठी गैरवापर झाल्यानंतर अॅपल आणि गूगल यांनी मे २०२४ मध्ये अनोळखी ट्रॅकरची सूचना आयफोन आणि अँड्रॉइड या दोन्हींवर उपलब्ध केली, हे स्वागतार्हच आहे. परंतु ही सूचना मालकापासून दुरावलेला ट्रॅकर आपल्यासोबत फिरत असल्यास मिळते, त्यामुळे मालक त्याच घरात राहत असेल आणि त्याला फोनचा पासकोडही ठाऊक असेल, तर तिचा उपयोग मर्यादितच राहतो. म्हणून जोडीदारांच्या अॅपमध्येच माहिती दाखवण्याची परवानगी ठरावीक मुदतीनंतर आपोआप संपावी आणि ठिकाण नेमके न दिसता ढोबळ परिसरच दिसावा, ही अॅपची मूळ रचना असावी.