एक पंचमांश माणूस

काल संध्याकाळी सव्वासात वाजता मला लिफ्टमधून उतरवलं. सायकलीसकट. आत आम्ही तिघंच होतो: मी, दुसऱ्या मजल्यावरचे काका आणि पाचव्या मजल्यावरचा एक शाळकरी मुलगा. सायकल धरली तर चौघं, आणि ती धरायची की नाही यावरूनच सगळं झालं.

सायकल वर का न्यावी लागते ते आधी उरकते. पहिले दोन महिने ती जिन्याखाली असायची, कुलूप लावून. एका सकाळी गेले तर कुलूप जागेवर, सायकल जागेवर, सीट गायब. सीटखाली एक खिट्टी असते, पान्हा न लावता हातानेच उघडणारी. ही खिट्टी मुळात चाकांसाठी निघाली. शर्यतीत चाक झटपट बदलता यावं म्हणून तुलिओ कांपान्योलो नावाच्या इटालियन सायकलपटूने ती १९३० च्या सुमारास आणली. पण घाई काय फक्त शर्यतवाल्यांनाच असते? त्या दिवशी मी ऑफिसपर्यंत उभ्याने सायकल मारत गेले. तेव्हापासून ती चौथ्या मजल्यावर, माझ्या खोलीत राहते.

खोली दहा बाय बारा. त्यात पलंग, कपाट, टेबल, एका कोपऱ्यात ओटा, आणि उरलेल्या जागेत मी. घरमालकांनी किल्ली देताना तीनदा बजावलं होतं की भिंतीला खिळा मारायचा नाही. म्हणजे सायकल टांगायचा हूक बाद. जमीन आणि छत यांच्यामध्ये ताणून बसवायचा एक खांब मिळतो, त्याला खिळा लागत नाही. मी मोठ्या आशेने फोन केला तर म्हणाले, "छत म्हणजे काय, आडवी भिंतच की."

यावर काय बोलणार?

मग मी सायकललाच बारीक करायला घेतलं. सायकल तशी सडपातळ, आडवं येतं ते हँडल. माझं हँडल अठ्ठावीस इंच आणि दार तीस इंच, त्यामुळे दोन्ही हातांच्या बोटांना एकेक इंच मिळतो आणि सालं निघतात. हँडलच्या मानेला दोन बोल्ट असतात. ते सैल केले की हँडल फिरवून सायकलीच्या रेषेत आणता येतं, आणि सायकल भिंतीला चिकटून एखाद्या आज्ञाधारक सुनेसारखी उभी राहते. आठवडाभर मी या शोधावर खूश होते. मग एका सकाळी बोल्ट आवळायचे राहिले. फाटकातून बाहेर पडल्यावर मी हँडल डावीकडे वळवलं. हँडल वळलं. सायकल वळली नाही. ती सरळ समोरच्या कुंपणात गेली आणि पाठोपाठ मीही.

त्यानंतर पायडल. रात्री पाणी प्यायला उठलं की पायडल नडगीवर बसतं, अंधारात, दर वेळी त्याच जागी. ते काढून ठेवायचं ठरवलं. उजवं निघालं. डावं वीस मिनिटं निघेना. मी पान्ह्यावर लटकले, पान्ह्यावर उभी राहिले, पान्ह्याला नको ते बोलले. मग कळलं की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पायडल मारताना जोर गोल फिरत राहतो आणि त्याने सरळ आटे हळूहळू सुटू शकतात, म्हणून डावीकडे मुद्दाम उलटे. म्हणजे वीस मिनिटं मी ते आवळत होते. ते आजही तिथेच आहे, आणि माझ्या मते आता ते सायकल मोडली तरी निघणार नाही.

तर लिफ्ट. सायकल मागच्या चाकावर उभी केली की ती लिफ्टच्या कोपऱ्यात व्यवस्थित मावते. मी तशी ती मिठी मारून उभी होते, शाळकरी मुलगा दुसऱ्या कोपऱ्यात होता, आणि दार मिटता मिटता त्यात एक पाय आला. पायामागून इस्त्रीचं टेबल आलं. टेबलामागून काका.

त्यांनी सायकलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा सायकलीकडे, बहुधा आमच्यापैकी कोणाशी बोलावं हे ठरवायला.

"ही काय आहे?"

"सायकल आहे, काका."

"ते मलाही दिसतंय. लिफ्टमध्ये काय करतेय?"

"वर चाललीये."

काकांनी दारातला पाय काढला नाही. दार येऊन पायाला लागलं, मागे गेलं, लिफ्ट किणकिणली. "हे बघ बाळ," ते म्हणाले (काका खुशीत असले की मी बाळ असते), "लिफ्ट माणसांसाठी आहे. वाहनांसाठी रस्ता आहे."

मी म्हटलं, "काका, तुम्हीसुद्धा टेबल आणलंयत."

"ते सामान आहे."

"मग हीसुद्धा सामानच धरा."

"सामानाला चाकं नसतात."

इथे मुलाने काही न बोलता आपली शाळेची बॅग जराशी पुढे सरकवली. तिला दोन चाकं होती. मुलं इतकी गुणी असू शकतात हे मला माहीत नव्हतं.

काकांनी बॅगेकडे पाहिलं आणि म्हणाले, "ती छोटी आहेत."

"म्हणजे प्रश्न चाकांच्या आकाराचा आहे का?"

एखाद्याने बोलण्याच्या भरात विचारलेला प्रश्न खरोखरचा प्रश्न समजणारी माणसं असतात. काकांनी टेबल माझ्या खांद्याला टेकवलं, खिशात हात घातला आणि मेजर टेप काढली. घरातून इस्त्रीचं टेबल आणायला निघालेल्या माणसाच्या खिशात मेजर टेप का असते? की ती कायमच असते, आणि आपण गाफील फिरत असतो? त्यांनी वाकून माझ्या पुढच्या चाकाचं माप घेतलं. चाक हवेत होतं, काकांच्या चष्म्यासमोर. "सव्वीस इंच," ते म्हणाले, आणि चष्मा वर करून, "दोन सूत."

दोन सूत हे त्यांनी असं म्हटलं की जणू सव्वीसपर्यंत त्यांनी चालवून घेतलं असतं.

दार तिसऱ्यांदा येऊन गेलं. काकांनी आता आतल्या पाटीवर बोट ठेवलं. 'सहा माणसे, ४०८ किलो.' "वाच. काय लिहिलंय? माणसे. सायकल माणूस आहे का?"

"काका, ४०८ भागिले सहा म्हणजे माणशी अडुसष्ट किलो. सायकल चौदा किलोची आहे. म्हणजे साधारण एक पंचमांश माणूस. आपण तिघं आणि एक पंचमांश. अजून दोघं येऊ शकतात."

"एक पंचमांश माणूस असं काही नसतं."

"बाळ असतं," मुलगा म्हणाला.

"तू गप्प बस रे."

मला वाटतं, त्या क्षणी काका हरत होते आणि त्यांना ते कळलं. कारण त्यांनी 'बाळ' सोडलं. "हे बघा मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही भाडेकरू ना चौथ्या मजल्यावरच्या?"

बस. एवढंच. चाकं, सूत, किलो, सगळी गणितं तिथे संपली. मी सायकल खाली टेकवली आणि बाहेर आले. टेबल माझ्या खांद्यावरून घसरलं ते मुलाने झेललं. दार मिटताना तो माझ्याकडे बघून हात हलवत होता, किंवा सायकलीकडे.

चौदा किलो हा आकडा लिफ्टमध्ये हलका वाटतो. जिन्यात तो खांद्यावर असतो, पुढचं चाक प्रत्येक वळणावर कठड्याला विचारून पुढे जातं आणि चेन पाठीवर नक्षी काढते. दुसऱ्या मजल्यावर दम खाताना मला कार्ल ड्राइसची आठवण झाली. हा जर्मन सरदार, याने १८१७ मध्ये मानहाइम शहराबाहेर दोन चाकांचं लाकडी यंत्र पायाने जमीन मागे ढकलत चालवलं. पायडल वगैरे नंतरची गोष्ट. काही अभ्यासक म्हणतात की १८१५ मध्ये तंबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली, घोड्यांना दाणा मिळेना, म्हणून त्याला घोड्यावाचून चालणारं काही सुचलं. असेल. ज्वालामुखी फुटून एक यंत्र निघालं आणि त्या सगळ्या खटाटोपात ते रात्री ठेवायचं कुठे हा विचार एकाही माणसाने केला नाही, कारण ड्राइस सरदार होता. घोड्याची जागा रिकामीच असणार त्याच्याकडे. सायकल जर दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कोणी शोधली असती तर तिची घडी छत्रीसारखी झाली असती आणि डाव्या पायडलचे आटे सरळ असते.

अर्थात याहून वाईटही झालेलं आहे. मधल्या काळात पुढचं चाक पाच फुटांपर्यंत उंच आणि मागचं एवढंसं अशा सायकली होत्या. त्या काळचे भाडेकरू काय करत असतील? १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली या इंग्रजाने दोन्ही चाकं जवळजवळ सारखी असलेली, मागच्या चाकाला चेन लावलेली सायकल आणली, आणि तेव्हापासून तिचं रूप मुळात तेच आहे. खोल्या मात्र लहान होत गेल्या.

बरं, सायकलीला नावं कोणी ठेवत नाही, हेच मला सगळ्यात जास्त लागतं. प्रकृतीला चांगली, धूर नाही, आवाज नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून ३ जून हा जागतिक सायकल दिनही ठरवून टाकला आहे. त्या दिवशी आमच्या इमारतीच्या ग्रुपवर 'सायकल चालवा, निरोगी राहा' हा संदेश, मागे उगवता सूर्य वगैरे, कोणी टाकला असेल? काकांनी. मी त्याला अंगठाही दिला होता. चालवा म्हणतात सगळे. थांबवा कुठे, ते कोणी सांगत नाही. चालवून झाल्यावर सायकलवाल्याने हवेत विरून जावं अशी अपेक्षा दिसते.

रात्री साडेनऊला घरमालकांचा मेसेज आला. फोटो होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावरची भिंत, तिच्यावर टायरचा काळा पट्टा, पट्ट्याभोवती लाल रंगाचं वर्तुळ आणि शेजारी, मापासाठी, उघडलेली मेजर टेप. साडेचार इंच. सूत लिहिले नव्हते.

म्हणजे हिशेब असा झाला की लिफ्टमधून नेली तर वाहन, आणि जिन्यातून नेली तर नुकसान. मी रात्री खूप वेळ सायकलीकडे बघत पडून होते. दुसरीकडे बघायला जागाच नाही. दीडच्या सुमारास पाणी प्यायला उठले. नडगी. तीच जागा.

आज सकाळी ओलं फडकं घेऊन भिंत पुसायला गेले. पट्टा बरोबर काकांच्या दारासमोर. दार उघडलंच. मला वाटलं आता दुसरा अंक सुरू होणार, पण काका जरा वेळ नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "घासू नकोस. रंग जाईल. दाबून टिप." मी टिपलं. निघालं. वाद नसला की काका तसे चांगले आहेत, ही आणखी एक अडचण.

"काका, टेप मिळेल का जरा?"

त्यांनी दिली. खिशातूनच.

खाली काकांची गाडी उभी असते. असते म्हणजे कायमच असते. मी इथे राहायला आल्यापासून तिच्यावरचं आच्छादन निघालेलं पाहिलेलं नाही आणि एक टायर बसलेलं आहे. तिच्याभोवती पांढऱ्या रंगाने चौकट आखली आहे, आत क्रमांकही घातला आहे. माझ्या दारावर क्रमांक नाही, पडला तेव्हापासून. मी चौकट मोजली. आठ फूट दोन इंच बाय सोळा फूट पाच इंच. मोबाइलवर गुणाकार केला. एकशे चौतीस चौरस फूट.

पुन्हा मोजली. एकशे चौतीस.

माझी खोली दहा बाय बारा, एकशे वीस. ओट्यासकट. म्हणजे काकांची न हलणारी गाडी माझ्यापेक्षा चौदा चौरस फूट ऐसपैस राहते, आणि तिला पाणी प्यायला उठावं लागत नाही.

मग वर जाऊन सायकल मोजली. लांबी पाच फूट नऊ इंच, रुंदी हँडलची, अठ्ठावीस. साडेतेरा चौरस फूटसुद्धा भरत नाही.

टेप परत द्यायला गेले. काकांनी ती पूर्ण ओढून पाहिली, कुठे वाकवली तर नाही ना म्हणून, आणि सोडून दिली. ती सुर्रकन आत गेली.

"काय मोजलंस?"

"पार्किंग."

काकांचा चेहरा असा फुलला की तसा मी तो कधी पाहिला नव्हता. "गाडी घेतेयस? अरे वा! आधी सांगायचं ना बाळ." आणि दार लावता लावता, अगदी मायेने, "मग ती सायकल काढून टाकशील ना?"