कुटुंबवत्सल, क्रीडाप्रेमी

आबा गेले तेव्हा कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या आमच्या चौकात फलक लागला. फोटोखाली दोन शब्द होते, कुटुंबवत्सल आणि क्रीडाप्रेमी. असे शब्द कितीतरी फलकांवर असतात, आपण वाचून पुढे जातो. आज वर्ष झालं, आणि मला त्या शब्दांबद्दलच बोलायचंय. कारण आमच्या घरी हे दोन वेगळे गुण कधी नव्हतेच.

आबा उद्यमनगरात टर्नर होते. पहिली पाळी सुटली की कॉटन वेस्टनं हात पुसायचे आणि सायकल तशीच शाहू स्टेडियमकडे वळवायचे. पेठांतल्या तालमींचे संघ, पाटाकडील विरुद्ध शिवाजी असो की दिलबहार विरुद्ध खंडोबा, चारची फुटबॉल मॅच चुकायची नाही. गेटवर शेंगांच्या दोन पुड्या घ्यायचे. एक हाफ टाइमला सोडायची, दुसरी शर्टाच्या खिशात. ती आईची. गोल झाला, अख्खी गॅलरी उठून नाचायला लागली, तरी आबांचा एक हात खिशावर असायचा, पुडी चुरगळू नये म्हणून. घरी आल्यावर पुडी आईच्या हातात द्यायची आणि मॅच पहिल्या मिनिटापासून सांगायची. आई आयुष्यात एकदाही स्टेडियममध्ये गेली नाही. "थांबा, चहा ठेवतो, मग सांगा," म्हणायची आमच्या कोल्हापुरी पद्धतीनं. पण कुठला बॅक कच्चा आणि कुणाची किक डावी, हे तिला तोंडपाठ होतं.

मला त्यांनी सातव्या वर्षी गॅलरीत नेलं. तेव्हा तिथं पोरीबाळी दिसायच्याच नाहीत. मागून कुणीतरी म्हणालं, "पोरीला कशाला आणलंय हितं?" आबा मागं वळून शांतपणे म्हणाले, "ती मॅच बघायला आलीया." एवढंच. आसपासच्या चार ओळींत त्या दिवशी शिवी ऐकू आली नाही. समर्थकांच्या हाणामाऱ्यांपायी हंगाम थांबायचा तेव्हा आबा दोन-दोन दिवस नीट जेवायचे नाहीत. समोरच्या संघाला शिव्या घालणाऱ्याला खेळ कळलेलाच नसतो, हे त्यांचं म्हणणं. माझंही तेच आहे, आणि ते मी पेठेत कुणालाही तोंडावर सांगेन.

१९८६ च्या मेक्सिको विश्वचषकाच्या रात्री शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसून ते अर्जेंटिनाचे झाले आणि शेवटपर्यंत राहिले. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या जर्सीत दिसला. अमेरिकेविरुद्धची मॅच आपण ०-३ नं हरलो, तरी आबा डोळे पुसत बसले होते. "आमच्या गावचं पोरगं वर्ल्ड कपात उतरलं," हे एकच वाक्य त्या रात्री कितीदा म्हणाले असतील.

मग १८ डिसेंबर २०२२. विश्वचषकाची फायनल, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. आबांचे गुडघे तेव्हा कामातून गेले होते, खुर्चीत उशी देऊन बसवलं होतं. ३-३ झालं, जादा वेळेच्या अगदी शेवटी फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर आला आणि अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझनं पाय लांबवून बॉल अडवला. पेनल्टीत ४-२ नं अर्जेंटिना जिंकली. गल्लीत फटाके सुरू झाले आणि आबांनी आईचा हात धरला. छत्तीस वर्षं थांबलेला माणूस ओरडला नाही. तो पाय कसा गेला, एवढंच ते आईला पुन्हा पुन्हा दाखवत राहिले, स्वतःचा दुखरा पाय जमिनीवर सरकवून.

खेळाचं वेड असलेला माणूस घराकडे बघत नाही असं लोक म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. आबांना मैदानावरून घरी यायची घाई असायची, कारण बघितलेलं सगळं कुणालातरी सांगायचं असायचं. ऐकणारं माणूस घरी होतं म्हणून त्यांचा खेळ पुरा व्हायचा. ते कधी मैदानात उतरले नाहीत, त्यांच्या नावावर एक गोल नाही, एक ढाल नाही. पण कोल्हापूरचा फुटबॉल अशाच, तिकीट काढून उन्हात बसणाऱ्या माणसांनी जगवला आहे. त्यांची नोंद कुठल्याच पुस्तकात होत नाही, म्हणून मी इथं करतेय.

गेल्या रविवारी लेकीला घेऊन स्टेडियमवर गेले. आबांनंतर पहिल्यांदाच. गेटवर शेंगांच्या दोन पुड्या घेतल्या. घरी आलो तेव्हा आई दारातच बसली होती. पुडी हातात घेतली, थोडा वेळ तशीच धरली आणि नातीला म्हणाली, "बस हितं. पहिल्यापासनं सांग."